लिटरची वही

पंपावरच्या मीटरवर दोन आकडे पळत असतात, एक पैशांचा आणि एक लिटरचा. आपली नजर पैशांच्या आकड्यावर असते. सांगतानाही आपण ‘इतक्याचं टाका’ असंच सांगतो. भाव वाढला की तेवढ्याच पैशांत पेट्रोल कमी येतं, काटा लवकर खाली उतरतो, पुन्हा पंपावर यावं लागतं आणि सगळा राग भावावर निघतो. हा राग रास्त आहे. घरखर्चातल्या पुष्कळ गोष्टी मागेपुढे करता येतात, कामावर जायचं पेट्रोल उद्यावर ढकलता येत नाही. तरीही मला वाटतं, दुसऱ्या आकड्याकडे आपण फार कमी बघतो. भाव आपल्यापासून दूर कुठेतरी ठरतो. लिटर मात्र आपल्या दारापासूनच जळायला लागतात, आणि ते कुठे कुठे जळले याचा हिशोब बहुतेक घरांत कुणीच ठेवत नाही.

भावाबद्दल थोडक्यात. कच्चं तेल, शुद्धीकरण, वाहतूक, विक्रेत्याचं कमिशन आणि कर मिळून पंपावरची किंमत बनते. कच्चं तेल हा त्यातला एकच हिस्सा, त्यामुळे ते निम्म्यावर आलं तरी पंपावरचा भाव निम्मा होत नाही. चढताना भाव जितक्या झपाट्याने चढतो तितक्या झपाट्याने उतरत नाही, अशी ग्राहकाची जुनी तक्रार आहे. रॉबर्ट बेकन या अर्थशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये ब्रिटनमधले भाव तपासून ती खरी असल्याचं दाखवलं. चढताना अग्निबाण आणि उतरताना पीस, ही त्याची उपमा अर्थशास्त्रात कायमची रुळली. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलबंदी केली तेव्हा काही महिन्यांत कच्चं तेल जवळजवळ चौपट झालं, आणि नेदरलँड्सने ४ नोव्हेंबरपासून पुढचे अनेक रविवार रस्त्यावर गाड्याच येऊ दिल्या नाहीत. २००८ च्या जुलैत तेल शिखरावर होतं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याच्या एक तृतीयांशाच्याही खाली. हा झोका पन्नास वर्षं असाच वर-खाली होतो आहे. भाव उतरलेला असताना लांबचं घर घेतलं जातं, मोठी गाडी घेतली जाते. हे निर्णय मग दहा-पंधरा वर्षं जागचे हलत नाहीत. पुढचा चढ येतो तेव्हा आपण आधीपेक्षा जास्त अडकलेले असतो.

म्हणून आधी लिटर मोजायला हवेत, आणि ते नीट मोजायला हवेत. डॅशबोर्डवरचा अॅव्हरेजचा आकडा बऱ्याचदा खऱ्यापेक्षा थोडा जास्त असतो. खात्रीची रीत जुनीच आहे, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. नॉझलचा पहिला ऑटोकट होईपर्यंत, म्हणजे टाकी भरली की नॉझल आपोआप बंद पडेपर्यंत भरायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, ३०० ते ४०० किलोमीटर गाडी नेहमीसारखी चालवायची, शक्यतो त्याच पंपावर त्याच नॉझलने पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं आणि चाललेले किलोमीटर या वेळी बसलेल्या लिटरने भागायचे. घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. नॉझलचा कट प्रत्येक वेळी नेमका एकाच पातळीला होत नाही. गाडी किती कलली आहे, धार किती जोराची आहे, फेस किती झाला, यावर अर्धा-एक लिटर इकडचा तिकडे होतो. दहा लिटरच भरले असतील तर या फरकानेच हिशोब पाच-दहा टक्क्यांनी चुकतो, पस्तीस लिटर भरले असतील तर तोच फरक दीड ते तीन टक्क्यांवर येतो. म्हणून टाकी बरीच रिकामी होऊ द्यायची आणि तीन वेळा मोजून सरासरी काढायची. दुसरा घोटाळा म्हणजे कट झाल्यावरही थेंब थेंब करून गळ्यापर्यंत भरण्याची सवय. त्याने मोजमाप तर बिघडतंच, शिवाय टाकीतली वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात पातळ पेट्रोल शिरलं की तो डबा कामातून जातो.

आकडा हातात आला की तो उलटा करून लिहावा. लिटरमागे किती किलोमीटर, यापेक्षा १०० किलोमीटरला किती लिटर, हा हिशोब डोळे उघडतो. घरात दोन गाड्या आहेत असं धरू. एकीचं अॅव्हरेज १० वरून १२ झालं आणि दुसरीचं २० वरून २५. कुठली बचत मोठी? मन पटकन दुसरी म्हणतं. पण पहिलीला १०० किलोमीटरला १० लिटर लागायचे, ते ८.३ झाले, म्हणजे १.७ लिटर वाचले. दुसरीचे पाचाचे चार झाले, एकच लिटर वाचला. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ही गफलत प्रयोगांतून दाखवून दिली. तिचा व्यवहारात अर्थ असा की घरातल्या सगळ्यात खादाड गाडीची एक फेरी टाळणं हे चांगल्या गाडीचं अॅव्हरेज आणखी ताणण्यापेक्षा अधिक मोलाचं आहे.

आता त्या एका लिटरचं काय होतं ते बघू. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत जवळजवळ ९ युनिट ऊर्जा असते. शहरात चालणाऱ्या पेट्रोल गाडीत त्यातली पाव हिश्श्याच्या आसपास चाकांपर्यंत पोचते. उरलेली सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन निघून जाते. चाकांपर्यंत आलेली ऊर्जा गाडी आणि माणूस दोघांना हलवते. बाराशे किलोची गाडी आणि आत सत्तर किलोचा एकटा माणूस असेल, तर वजनाच्या वाट्याने त्या लिटरपैकी माणसाच्या वाट्याला येतात अवघे १४ मिलिलिटर. तीन चमच्यांहूनही कमी. बाकी सगळं गाडीने गाडीला हलवण्यात जातं. इंजिन कितीही सुधारलं तरी हे प्रमाण फारसं हलत नाही, कारण ते वजनात आहे.

चमच्यांचाच हिशोब ब्रेकलाही लावता येतो. तीच बाराशे किलोची गाडी शून्यावरून ताशी ६० ला आणायला, चाकांपर्यंत पोचणारा पाव हिस्सा धरला तर, सुमारे २० मिलिलिटर पेट्रोल लागतं. चार चमचे. समोर सिग्नल लाल झाला आणि आपण करकचून थांबलो की ते चार चमचे ब्रेक पॅडमध्ये तापून हवेत जातात. असे पन्नास वेळा थांबलं की एक लिटर गेला. शहरातलं अॅव्हरेज हायवेपेक्षा कमी का येतं याचं मोठं कारण हे आहे. उपाय डोळ्यांत आहे, फक्त पुढच्या गाडीकडे न बघता तिच्या पुढच्या दोन-तीन गाड्यांकडे बघायचं. लांबूनच सिग्नल लाल दिसला की अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि गाडी गिअरमध्येच राहू द्यायची. इथे एक जुनी समजूत आड येते. उतारावर किंवा सिग्नलकडे येताना गाडी न्यूट्रलवर सोडली की पेट्रोल वाचतं, असं कार्ब्युरेटरच्या जमान्यापासून शिकवलं गेलं. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की पेट्रोल फवारणारे इंजेक्टर ते पूर्ण बंद करतात, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलवर टाकलं की इंजिनाला जिवंत राहण्यासाठी पुन्हा पेट्रोल प्यावं लागतं. वरून इंजिनाचा ब्रेक जातो आणि लांब उतारावर सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येऊन ते तापतात. न्यूट्रलची सवय सोडणं हे पैशांपेक्षा जिवासाठी जास्त गरजेचं आहे.

हायवेवर ब्रेकची जागा वारा घेतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० च्या जागी १०० ने गेलं तर वाऱ्याचा रेटा दीडपटीहून थोडा जास्त होतो, १२० ने गेलं तर सव्वादोनपट. टायरचं घर्षण आणि इतर खर्च तेवढे वाढत नाहीत, म्हणून एकूण पेट्रोल दीडपट होत नाही. पण ८० वरून १०० वर जाताना किलोमीटरमागे १५ ते २५ टक्के जास्त लागतं असं धरायला हरकत नाही. मिळतं काय? पन्नास किलोमीटरच्या प्रवासात साडेसात मिनिटं. ती साडेसात मिनिटं खरंच हवी असतील तेव्हा जावं, पण रोज सवयीने जाऊ नये. अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली ती याच गणितावर. छतावरचा रिकामा कॅरिअर हाही याच हिशोबात येतो. वर्षातून दोनदा सामान बांधायला लागतो आणि उरलेले दिवस वाऱ्याशी झगडत राहतो. चार बोल्ट काढायला पंधरा मिनिटं पुरतात.

टायरच्या हवेबद्दल खूप बोललं जातं, तेव्हा खरा आकडा सांगायला हवा. चारही टायरमध्ये हवेचा दाब एक पीएसआय (दाबाचं माप) कमी असेल तर पेट्रोल ०.२ टक्क्यांच्या आसपास जास्त जातं. आठ पीएसआय कमी असेल तर दीड टक्का. म्हणजे हवेने अॅव्हरेजमध्ये चमत्कार होत नाही. तरी हवा सांभाळायचीच, कारण कमी हवेने टायरच्या कडा झिजतात, बाजूची भिंत तापते आणि पावसात पकड सुटते. मोजायची ती गार टायरवर, गाडी तीन-चार तास उभी असताना. आकडा घ्यायचा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवरून. टायरवर कोरलेला आकडा टायर सोसू शकेल त्या कमाल दाबाचा असतो. नेहमीची चूक अशी होते: दहा किलोमीटर चालून पंपावर गेलेल्या गाडीचे टायर तापलेले असतात, हवा तीन-चार पीएसआय जास्त दिसते, आणि ती सोडून दिली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर गार झाला की तो तेवढ्यानेच कमी भरतो.

अॅव्हरेज अचानक दहा-पंधरा टक्क्यांनी घसरलं तर मात्र हवेपलीकडे बघायला हवं. दोन बिघाड फार वेळा सुटून जातात. पहिला, ब्रेक धरून राहणं. कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, सरकत्या पिना गंजल्या की पॅड डिस्कवरून पूर्ण मागे येत नाही आणि गाडी कायम किंचित ब्रेक दाबून चालते. ओळखायची खूण सोपी आहे. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून, कमीत कमी ब्रेक मारत थांबायचं आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ हाताचा तळवा न्यायचा, टेकवायचा नाही. एका चाकाची धग दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त असेल तर तिथे ब्रेक जाम आहे. मेकॅनिककडे चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं की ते दोन फेऱ्यांच्या आत अडतं. दुसरा बिघाड थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणाऱ्या झडपेचा. तो उघडाच अडकला की इंजिन कधीच पूर्ण तापत नाही, आणि इंजिन गार आहे असं समजून संगणक जास्त पेट्रोल देत राहतो. खूण म्हणजे हायवेला लागल्यावर तापमानाचा काटा वर राहायचा सोडून खाली उतरतो. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बिघडला तरी असंच जास्त पेट्रोल जातं. तेव्हा बहुधा चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि गाडी नीट चालते आहे म्हणून महिनोन् महिने दुर्लक्ष करायचा तो दिवा नव्हे. एअर फिल्टरबद्दल मात्र गैरसमज आहे. इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात घाणेरड्या फिल्टरने ताकद कमी होते, अॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही, कारण संगणक हवेच्या मापानेच पेट्रोल देतो. फिल्टर इंजिनाच्या आरोग्यासाठी बदलावा.

पेट्रोलच्या नळीला बांधायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या, यांवर एक पैसाही घालवू नये. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोलही ज्या इंजिनाला कंपनीने सांगितलेलं नाही त्याला काही देत नाही. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी पेटून इंजिनात ठोका न देण्याची पेट्रोलची क्षमता, त्याचा ऊर्जेशी संबंध नाही. पहाटे गारव्यात भरलं की जास्त मिळतं, हेही सोडून द्यावं. पेट्रोल अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं खरं, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान दिवसभरात जवळपास बदलतच नाही.

इथवरचं सगळं मन लावून केलं तर दहा, फार तर पंधरा टक्के लिटर वाचतील. ते वाचवावेतच. पण खरा प्रश्न पुढे आहे. गाडी किती पिते यापेक्षा तिला किती वेळा आणि कुठे न्यावं लागतं, हा.

त्यासाठी वही लागते. साधी, गाडीतच ठेवायची, पेन दोऱ्याने बांधलेलं. चौदा दिवस, म्हणजे दोन शनिवार-रविवार त्यात येतील. प्रत्येक फेरीला एक ओळ: निघतानाचं मीटरचं रीडिंग, पोचल्यावरचं रीडिंग, कशासाठी, गाडीत किती माणसं, आणि इंजिन गार होतं की गरम. रात्री आठवून लिहायचं ठरवलं की छोट्या फेऱ्या गळतात, आणि नेमक्या त्याच महत्त्वाच्या असतात. दुसरी चूक म्हणजे वही सुरू झाली म्हणून त्या पंधरवड्यात शहाण्यासारखं वागणं. नेहमीसारखं फिरायचं आणि नुसतं लिहायचं. चौदा दिवसांनी प्रत्येक ओळीपुढे लिटर मांडायचे. गार इंजिनाच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेरीला दर दीडपट धरायचा. इंजिन पूर्ण तापायला पाच-सात किलोमीटर लागतात, तोवर ऑईल घट्ट असतं, मिश्रणात पेट्रोल जास्त असतं आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही कामाला लागलेला नसतो. म्हणजे सगळ्यात जवळची फेरी किलोमीटरमागे सगळ्यात महाग आणि सगळ्यात घाण. डिझेल गाडीचे हाल आणखी वेगळे. तिच्या काजळीच्या फिल्टरला स्वतःला जाळून साफ व्हायला सलग दहा-वीस मिनिटं चांगल्या वेगाची धाव लागते. ती मिळालीच नाही तर अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांतलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि फिल्टर तुंबत जातो.

वहीत आणखी एक रकाना आपोआप दिसायला लागतो, उभ्या गाडीचा. एक ते दीड लिटरचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला ०.६ ते १ लिटर पेट्रोल पितं, एसी चालू असेल तर वरच्या आकड्याकडे. शाळेच्या फाटकाशी, कुणाला घ्यायला खाली उभं राहून, लांब सिग्नलवर, अशी दिवसाची वीस मिनिटं धरली तर वर्षाला कमीत कमी सत्तर लिटर होतात. लहान गाडीच्या जवळपास दोन टाक्या, एक मीटरही न हलता. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करणं फायद्याचं. चालू करताना लागणारं पेट्रोल त्याहून कमी असतं.

मग वहीतल्या ओळी वेगळ्या करायच्या. काही फेऱ्या जोडता येतात. तीन दिवस तीन कामांना तीनदा गार इंजिनाने निघण्यापेक्षा एकाच दिवशी, आधी सगळ्यात लांबचं काम आणि मग परतीच्या वाटेवर बाकीची. लांबच्या टप्प्यात इंजिन तापतं आणि पुढची कामं गरम इंजिनावर होतात. काही फेऱ्या चालण्याच्या असतात आणि काही सायकलच्या. चालत बारा मिनिटांत एक किलोमीटर होतो, आणि त्याच बारा मिनिटांत सायकलने सावकाश तीन. शहरात तीन किलोमीटरला गाडी काढणं, गर्दी, जागा शोधणं, लावून परत चालत येणं, हे सगळं धरलं तर गाडीलाही त्याहून फार कमी वेळ लागत नाही. सायकल बहुतेकांची महिन्याभरात सुटते ती जिद्द कमी म्हणून नव्हे, दोन बारीक चुकांमुळे. सीट खाली ठेवलेली असते, म्हणून गुडघे दुखतात. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा, एवढी सीट वर हवी. आणि सामान पाठीवर घेतलं जातं, म्हणून घाम येतो आणि खांदे भरून येतात. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या लावल्या की दहा किलो कळतही नाहीत. चढाचा रस्ता असेल किंवा अंतर सात-आठ किलोमीटर असेल तिथे बॅटरीची सायकल. ती किलोमीटरला दहा वॉट-तासांच्या आसपास वीज घेते. एका लिटर पेट्रोलमध्ये जितकी ऊर्जा असते तेवढ्यावर ती आठशे-नऊशे किलोमीटर जाईल. ती फक्त माणूस आणि वीस-बावीस किलोची सायकल हलवते, बाराशे किलोचं लोखंड ओढत नाही.

रोजच्या कामाच्या फेरीला मात्र बहुधा सायकल पुरत नाही. तिथे गाडी वाटून घेणं हा लगेच परिणाम दाखवणारा उपाय. एकाचे दोघे झाले की माणशी लिटर सरळ निम्मे, आणि यासाठी कुठलंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही. तरी या व्यवस्था का मोडतात ते आधी ओळखावं. एकाला रोज दहा मिनिटं ताटकळावं लागतं, घ्यायला जाण्यासाठी वाट वाकडी करावी लागते, आणि पैशांचं बोलायला संकोच वाटतो. पहिल्याच दिवशी तीन गोष्टी ठरवाव्यात. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही, आणि निघून गेलं तर राग धरायचा नाही. चढायचं ते गाडीच्या वाटेवरच्या ठिकाणी येऊन. हिशोब आठवड्याला, किलोमीटर आणि लिटरवर, चालू भावाने. याहून मोठी अडचण मनातली असते: मूल आजारी पडलं, मध्येच निघावं लागलं तर? त्यासाठी वर्षातून चार-सहा वेळा भाड्याच्या गाडीने परतायचा खर्च आधीच बाजूला ठेवावा. तो खर्च रोज एकट्याने गाडी नेण्यापुढे फारच थोडा असतो, आणि तो ठेवलेला आहे एवढ्यानेच लोक तयार होतात.

बसचं गणित वेगळं आहे, आणि ते प्रवाशाच्या हातात कमी आहे. बस दहा-बारा मिनिटांनी येत असेल तर माणूस वेळापत्रक बघणं सोडून देतो, नुसता थांब्यावर जाऊन उभा राहतो. अर्ध्या तासाने येत असेल तर एक बस चुकली की दिवस बिघडतो. म्हणून अर्ध्या तासाच्या बसवर कुणी नोकरी लावत नाही, आणि मग बसला माणसं नाहीत म्हणून ती आणखी कमी होते. एक तास बस नाही आणि मग दोन एकामागोमाग येतात, यालाही कारण आहे. पुढची बस जरा उशिरा झाली की थांब्यांवर माणसं जास्त साठतात, त्यांना चढवताना ती आणखी मागे पडते. मागच्या बसला माणसं कमी मिळतात, ती पुढे सरकत पहिलीला येऊन मिळते. चढण्याआधी तिकीट, दोन्ही दारांनी चढउतार, आणि टोकाच्या स्थानकावर अंतर पुन्हा नीट करण्यासाठी ठेवलेली काही मिनिटं, यांनी हे बरंच आटोक्यात येतं. यांतली एकही गोष्ट नवा उड्डाणपूल बांधण्याइतकी महाग नाही.

पुलांचा आणि रुंदीकरणाचा विषय निघालाच आहे तर तोही सांगायला हवा. रस्ता रुंद झाला की गर्दी कमी होऊन पेट्रोल वाचेल, हे ऐकायला पटतं. जिल दुरांतों आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दाखवलं की महामार्गांच्या सगळ्या लेनची मिळून लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते, जवळपास तितक्याच टक्क्यांनी त्यावर धावलेले किलोमीटरही वाढतात. माणसाचा रोजच्या प्रवासाचा वेळ फार बदलत नाही. याकोव्ह झहावीने १९७० च्या दशकात हे मांडलं आणि चेझारे मार्चेट्टीने १९९४ मध्ये ते पुढे नेलं: सरासरी दिवसाला तासभर. वेग वाढला की तो तास लहान होत नाही, अंतर मोठं होतं. घर आणखी लांब जातं, बाजार शहराबाहेर जातो, दवाखाना हायवेला जातो, आणि ज्याच्याकडे गाडी नाही त्याला तिथे पोचताच येत नाही. अॅव्हरेज सुधारल्यावरही हेच होऊ शकतं. कोळसा वाचवणारी इंजिनं आली तसा कोळशाचा एकूण वापर वाढतच गेला, हे विल्यम स्टॅनली जेव्हन्सने १८६५ मध्येच लिहून ठेवलं होतं. वाचलेले लिटर नव्या फेऱ्यांत जिरतात. ते दिसावं म्हणूनसुद्धा वही सहा महिन्यांनी पुन्हा चौदा दिवस लिहावी.

एवढं सगळं करूनही वहीत काही ओळी उरतात. घरभाडं परवडतं ते गाव कामापासून तीस किलोमीटर लांब. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं. मुलाची शाळा आणि स्वतःचं काम विरुद्ध दिशांना. रात्रपाळी. या ओळींपुढे सवयी बदला, असं कुणी सांगू नये. भाव चढतो तेव्हा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात चटका याच घरांना बसतो, कारण त्यांच्या लिटरमध्ये कापण्यासारखं काही उरलेलंच नसतं. मी या ओळींना लाल रेघ मारावी असं म्हणेन. त्यांच्याखाली एका वाक्यात लिहावं, नेमकं काय असतं तर ही फेरी गाडीशिवाय झाली असती. हे वाक्य जितकं बारीक तितकं कामाचं. ‘सार्वजनिक वाहतूक सुधारा’ एवढ्याने कुठल्याच कार्यालयात काही हलत नाही. ‘शाळेच्या वाटेवर दोनशे मीटर पदपथ नाही आणि तिथेच ट्रक वळतात’ हे हलू शकतं, कारण ते मोजता येतं आणि त्यावर कुणाचं तरी नाव टाकता येतं.

एकाच कारखान्यातल्या, एकाच वसाहतीतल्या दहा-पंधरा घरांनी आपापल्या वहीतल्या लाल ओळी एका कागदावर उतरवल्या तर त्यांतल्या पुष्कळ सारख्याच निघतात. दुसरी पाळी दहाला सुटते, शेवटची बस साडेनऊला. पाळीवरची चाळीस माणसं त्या अर्ध्या तासासाठी रोज स्वतःची गाडी काढतात, एकेकटी, जाताना आणि येताना. कागदावर वरच्या ओळीत ही वेळ लिहायची, खाली चाळीस सह्या, आणि शेवटी रोजचे लिटर.